साडेसहा अंशांची श्रद्धा: डोंगरातलं तापमान आणि मेथड्समधलं एक वाक्य

डोंगराळ भागातल्या पाण्यावर, बर्फावर किंवा पिकांवर लिहिलेला एखादा पेपर उघडा आणि थेट 'मेथड्स'च्या भागात जा. तिथे कुठेतरी एक छोटंसं वाक्य सापडण्याची दाट शक्यता असते. त्याचा अर्थ साधारण असा: जवळच्या स्टेशनवरचं तापमान घेतलं आणि दर किलोमीटर उंचीला ६.५ अंश सेल्सिअस या दराने ते दुरुस्त केलं. बस. पुढच्या वाक्यात लेखक पावसाच्या डेटाकडे वळलेले असतात. रिव्ह्यूअर काही विचारत नाहीत, वाचकही थांबत नाहीत.

आजची पोस्ट त्या एका वाक्यावर टीका करण्यासाठी आहे. कुठल्या एका पेपरवर नाही, तर या सवयीवर. माझं म्हणणं थोडक्यात सांगते: ६.५ हा आकडा खोटा नाही, पण ज्या कामासाठी आपण तो वापरतो त्या कामासाठी तो बनलेलाच नाही. आणि त्यातून येणारी चूक मॉडेलच्या पोटात अशी लपून बसते की आजची उत्तरं बरोबर दिसतात, उद्याची बिघडतात.

मुळात दुरुस्ती करायची का?

डोंगरात थर्मामीटर असतात ते माणसं राहतात तिथे. म्हणजे दरीत, रस्त्याच्या कडेला, गावात, एखाद्या धरणाच्या वसाहतीत. आपल्याला तापमान हवं असतं ते मात्र वर, जिथे बर्फ साठतो, हिमनदी वितळते, जंगल संपून खडक सुरू होतो. तिथे स्टेशन नसतं. असलंच तर दोन हिवाळ्यांत त्याची बॅटरी तरी जाते नाहीतर खांब तरी वाकतो. त्यामुळे खालचं तापमान 'उचलून' वर न्यावं लागतं. उंची वाढली की हवा गार होते हे आपण शाळेच्या भूगोलात शिकलोय. साधारण १६० मीटरला एक अंश, असं पाठही केलंय. तोच हिशोब किलोमीटरमध्ये मांडला की सहा-साडेसहा अंश येतात. याला लॅप्स रेट म्हणतात, म्हणजे उंचीनुसार तापमान घटण्याचा दर.

हीच गरज उपग्रह आणि पुनर्विश्लेषणाच्या डेटालाही पडते. ईआरए५ या युरोपीय डेटासेटचा एक चौकोन साधारण ३१ किलोमीटर रुंदीचा. हिमालयात ३१ किलोमीटरमध्ये भातशेतीपासून हिमनदीपर्यंत सगळं येऊ शकतं! मॉडेलला मात्र त्या चौकोनाची एकच सरासरी उंची माहीत असते. म्हणून लोक तो आकडाही लॅप्स रेट लावून वर-खाली सरकवतात. थोडक्यात, दुरुस्ती टाळता येत नाही. प्रश्न दुरुस्ती करावी का हा नाहीच, कुठल्या दराने करावी हा आहे.

६.५ आला कुठून?

विमानांमधून. पहिल्या महायुद्धानंतर विमानांच्या कामगिरीची तुलना करायची तर सगळ्यांनी हवेचं एकच 'मानक' धरणं गरजेचं होतं. एका विमानाची चाचणी थंड दिवशी आणि दुसऱ्याची गरम दिवशी झाली तर कोण सरस हे ठरणार कसं? फ्रान्सच्या तुसाँ यांनी एक साधं सरळ रेषेचं सूत्र सुचवलं: समुद्रसपाटीला १५ अंश, आणि तिथून वर दर मीटरला ०.००६५ अंशांनी घट. १९२२ मध्ये विलिस ग्रेग यांनी अमेरिकेच्या एनएसीए या विमानविद्येच्या संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालात हेच सूत्र उचलून धरलं. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानक वातावरणातही ११ किलोमीटर उंचीपर्यंत हाच दर बसला. आजही विमानातला उंचीमापक याच मानकावर चालतो.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, ही मध्य अक्षांशांवरच्या हवेची, वर्षभराची सरासरी आहे आणि तीही सोयीसाठी गोल केलेली. दोन, ही मोकळ्या हवेची गोष्ट आहे. विमान ज्या हवेतून जातं तिची, जमिनीपासून दोन मीटरवर टांगलेल्या थर्मामीटरभोवतीच्या हवेची नाही. ज्यांनी हे सूत्र बनवलं त्यांनी ते डोंगरउतारावर वापरा असं कधीच सांगितलं नव्हतं. ते आपण केलं.

मोकळ्या हवेतसुद्धा हा दर ठरावीक नसतो. कोरडी हवा वर चढली की दर किलोमीटरला ९.८ अंशांनी गार होते. दमट हवेत वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे ती हळू गार होते. उबदार, पावसाळी हवेत हा दर चार अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे भौतिकशास्त्र आपल्याला एक आकडा देतच नाही, ते देतं चार ते जवळजवळ दहा अशी एक पट्टी. त्या पट्टीत आज आपण कुठे आहोत हे ओलावा, ऊन, वारा आणि जमिनीचा आकार ठरवतात.

वेण्णा तलावाचा दाखला

जमिनीचा आकार म्हणजे काय ते महाराष्ट्रातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. दर हिवाळ्यात पेपरात दोन बातम्या येतात. पहिली: पुणे महाबळेश्वरपेक्षा थंड! दुसरी: महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले.

पहिली बातमी घ्या. पुण्याची उंची साधारण ५६०, महाबळेश्वरची साधारण १,३५० मीटर. फरक जवळपास ८०० मीटरचा. साडेसहाच्या हिशोबाने महाबळेश्वर पुण्यापेक्षा पाच अंशांनी गार असायला हवं. दुपारी ते गार असतंच. पण डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र, वारा पडलेल्या पहाटे अनेकदा चित्र उलटं होतं. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते, आणि जड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली घरंगळत खोलगट भागात साचते. पठाराच्या माथ्यावर ती टिकत नाही. भूगोलात आपण याला तापमानाची विपरीतता म्हणतो. मेथड्समधल्या त्या वाक्यात तिला जागाच नाही. तिथे उंची वाढली की तापमान घटणारच!

दुसरी बातमी तर अजून मजेशीर आहे. तलाव गावापेक्षा खाली, खोलगटात आहे. तरी बर्फाचे कण तिथे दिसतात, वरच्या बाजारपेठेत नाही. म्हणजे एकाच गिरिस्थानात, चालत जाण्याइतक्या अंतरावर, उंची आणि तापमान यांचं नातं शाळेतल्या नियमाच्या बरोबर उलट. साडेसहाच्या दराने तलावाकाठचं तापमान काढलं तर ते गावापेक्षा जास्त येईल. आणि तिथल्या स्ट्रॉबेरीवर हिमकण पडतील ते त्या हिशोबाला न विचारता.

निफाडच्या थंडीत द्राक्षमण्यांना तडे जातात तेव्हाही हाच मुद्दा असतो. पिकाला सरासरी तापमानाशी घेणंदेणं नसतं, त्याला पहाटेचं किमान तापमान बाधतं. आणि नेमकं किमान तापमानच उंचीच्या नियमाला सगळ्यात कमी जुमानतं.

मोजमापं काय सांगतात?

सह्याद्री बुटका आहे, म्हणून कुणी म्हणेल की हे अपवाद झाले, खऱ्या उंच पर्वतात नियम चालत असेल. तर आता तीन अभ्यास बघू.

पहिला अमेरिकेतल्या कॅस्केड पर्वतरांगेचा. जस्टिन माइंडर, फिलिप मोट आणि जेसिका लुंडक्विस्ट यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी स्टेशनं, हवामान फुगे, तात्पुरते लावलेले दाट सेन्सर, मॉडेल आणि प्रिझम हा नकाशा-डेटा अशा पाच वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट तपासली. वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर वार्षिक सरासरी दर निघाला ३.९ ते ५.२ अंश प्रति किलोमीटर. साडेसहा कुठेच नाही. तो आकडा भेटला फक्त वसंतातल्या कमाल तापमानात, तिथे दर ६.५ ते ७.५ होता. उन्हाळ्याच्या शेवटी किमान तापमानाचा दर तर २.५ ते ३.५ पर्यंत खाली आला. म्हणजे एकाच डोंगरावर, एकाच वर्षात, दर जवळपास तिपटीने बदलतो.

दुसरा नेपाळचा. कट्टेल आणि सहकाऱ्यांनी ५६ स्टेशनांचा २० वर्षांचा डेटा घेतला आणि मध्य हिमालयाच्या दक्षिण उतारावरचा दर महिन्यानुसार काढला. त्यांना वर्षात दोन शिखरं आणि दोन दऱ्या दिसल्या. मान्सूनच्या आधी, कोरड्या कडक उन्हात, दर सगळ्यात जास्त. मान्सून गेल्यावर पुन्हा थोडा वर. मान्सूनमध्ये कमी, कारण वर ढगात वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते आणि खाली ढगांमुळे ऊन पोचत नाही. आणि हिवाळ्यात सगळ्यात कमी, कारण गार हवा खालच्या भागात साचते. वेण्णा तलावाचीच गोष्ट, फक्त आख्ख्या देशाच्या आकाराची.

मला हा पेपर आवडतो तो याच्यासाठी. यात दराला ऋतू आहेत आणि प्रत्येक ऋतूला कारण आहे. युरोप-अमेरिकेतल्या पर्वतांवरून उचललेला वार्षिक आकडा मान्सूनच्या प्रदेशात का चालणार नाही, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

तिसरा अभ्यास वॉल्टर इमरझील आणि सहकाऱ्यांचा, २०१४ चा, नेपाळच्याच लांगटांग खोऱ्यातला. एका वर्षाच्या प्रत्यक्ष मोजमापावर उभा. त्यांनाही दर नेहमीच्या मानक आकड्यापेक्षा सौम्य मिळाला, ऋतूनुसार बदलणारा मिळाला, आणि त्या बदलाचं नातं हवेतल्या बाष्पाशी निघालं. खोऱ्याच्या जल-मॉडेलमध्ये मोजलेला दर घातला की नदीच्या पाण्याचा हिशोब बदलतो, हेही त्यांनी दाखवलं.

चुकलं तर कुणाचं काय बिघडतं?

एक-दोन अंशांनी काय होतं, असं वाटू शकतं. एक कल्पित उदाहरण करून बघू. आकडे मुद्दाम सोपे घेतलेत.

दरीत ३,००० मीटरवर स्टेशन आहे, मान्सूनच्या एका दिवसाचं सरासरी तापमान १४ अंश. आपल्याला हवं आहे ४,८०० मीटरवरच्या हिमनदीचं तापमान. उंचीचा फरक १.८ किलोमीटर.

साडेसहाच्या दराने घट ११.७ अंश, म्हणजे वर २.३ अंश.
पाचच्या दराने घट ९ अंश, म्हणजे वर ५ अंश.

शून्य अंशाची रेषा पहिल्या हिशोबात साधारण ५,१५० मीटरवर येते, दुसऱ्यात ५,८०० वर. मधला साडेसहाशे मीटरचा पट्टा पहिल्या मॉडेलमध्ये बर्फ झेलतोय, दुसऱ्यात त्यावर पाऊस पडतोय. बर्फ झाला तर पाणी महिनोन्‌महिने अडतं. पाऊस झाला तर त्याच संध्याकाळी नदीत उतरतं. खाली पूल, रस्ता, जलविद्युत प्रकल्प असेल तर हा फरक कागदावरचा राहत नाही.

आता याच्यापुढची गोम. बर्फ किती वितळला हे काढायला बरेच जण डिग्री-डे पद्धत वापरतात, म्हणजे शून्याच्या वर जितके अंश, त्याला एका गुणकाने गुणायचं. हा गुणक बहुतेक वेळा नदीच्या मोजलेल्या प्रवाहाशी जुळवून ठरवतात. समजा प्रत्यक्षात दिवसाला ३० मिलिमीटर वितळतंय. पाच अंशांच्या मॉडेलला गुणक लागेल ६. आणि २.३ अंशांच्या मॉडेलला? साधारण १३. दोन्ही मॉडेल आजच्या नदीशी झकास जुळतात. पेपरमध्ये दोघांचेही आलेख सुंदर दिसतात.

मग दोघांना विचारा: तापमान दोन अंशांनी वाढलं तर?

पाचच्या दराचं मॉडेल म्हणतं: ७ गुणिले ६, म्हणजे ४२ मिलिमीटर. आजच्यापेक्षा ४० टक्के जास्त.
साडेसहाच्या दराचं मॉडेल म्हणतं: ४.३ गुणिले १३, म्हणजे सुमारे ५६ मिलिमीटर. आजच्यापेक्षा जवळपास ८७ टक्के जास्त.

आज दोघांचं उत्तर एकच, उद्याचं वेगळं. आणि आजच्या डेटावरून कोण बरोबर हे कळण्याचा मार्गच नाही, कारण दराची चूक गुणकाने गिळून टाकलेली असते. माझी खरी तक्रार ही आहे. साडेसहाचं ते वाक्य साधं तपशिलाचं वाक्य दिसतं, पण हिमालयातल्या नद्यांचं पुढच्या पन्नास वर्षांत काय होणार या उत्तराचा मोठा हिस्सा त्यात आधीच ठरून गेलेला असतो.

आणि चूक नेहमी एकाच बाजूला झुकते असंही नाही. वितळत्या बर्फाचा पृष्ठभाग शून्याच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे त्याला टेकलेली हवा आजूबाजूच्या खडकावरच्या हवेपेक्षा गार राहते. दरीतल्या स्टेशनचं तापमान सौम्य दराने वर नेलं, तर हिमनदीवर ते गरजेपेक्षा जास्त येऊ शकतं. अशा ठिकाणी साडेसहाचा कडक दर नकळत दुसरी चूक झाकतो आणि उत्तर बरोबर येतं. परीक्षेत दोनदा चिन्ह चुकलं की उत्तर जुळतं ना, तसंच. मार्क मिळतात, पण पुढचं गणित सुटत नाही.

मग रिग्रेशन लावा की!

इथे कुणीतरी म्हणणारच: मानक आकडा कशाला, स्थानिक स्टेशनांचा डेटा घ्या, तापमान विरुद्ध उंची असा आलेख काढा, रेष बसवा, तोच आपला दर. हे नक्कीच जास्त चांगलं. पण या उपायाचीही तपासणी व्हायला हवी.

एक: रेष जिथवर स्टेशनं आहेत तिथवरच खरी. कट्टेल यांच्या ५६ स्टेशनांची उंची ७२ पासून ३,९२० मीटरपर्यंत आहे. नेपाळमधल्या खुंबू हिमनदीचं तोंड सुमारे ४,९०० मीटरवर आहे. म्हणजे जिथे हिमनदी सुरू होते तिच्या जवळजवळ एक किलोमीटर खाली आपला पुरावा संपतो. तिथून वर रेष लांबवणं हा अंदाज आहे, मोजमाप नाही. हा त्या अभ्यासाचा दोष नाही. तो आकडा उंची न बघता उचलून हिमनद्यांना लावणाऱ्यांचा आहे.

दोन: खालची बहुतेक स्टेशनं दरीच्या तळाला असतात. गार हवा साचते तीही तिथेच. म्हणजे रेषेचं खालचं टोक पहाटेच्या वेळी आधीच खाली ओढलेलं असतं, आणि दर आहे त्यापेक्षा सौम्य दिसतो. दरीच्या तळाचं स्टेशन आणि उतारावरचं स्टेशन एकाच आलेखात घातलं की आपण उंचीचा परिणाम मोजतोय की जागेच्या आकाराचा, हे सांगता येत नाही.

तीन: सगळ्या स्टेशनांचे थर्मामीटर एकसारखे आहेत हे आपण गृहीत धरतो. याला केवढी किंमत पडू शकते ते जेरेड ऑयलर आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या पेपरमध्ये दिसतं. अमेरिकेच्या पश्चिम भागात डोंगरांवर बर्फ मोजणारं स्नोटेल नावाचं जाळं आहे. त्याचा डेटा सांगत होता की उंचावर किमान तापमान झपाट्याने वाढतंय: १९९१ ते २०१२ या काळात दर दशकाला १.१६ अंश. ऑयलर यांनी उपकरणांमुळे आलेली पद्धतशीर चूक काढून टाकली, तेव्हा उरला ०.१०६ अंश. म्हणजे दशांशसुद्धा नाही! आणि खालच्या स्टेशनांपेक्षा तो संख्याशास्त्राच्या दृष्टीने वेगळाही राहिला नाही. लोक सर्रास वापरतात त्या नकाशा-डेटासेटमध्येही ही खोटी वाढ झिरपली होती. दोष सेन्सरचा, पण तो पसरला प्रत्येक चौकोनात, कारण उंचावर आधाराला दुसरं काही नव्हतंच.

उंचावर तापमान किती वेगाने वाढतंय?

ऑयलर यांच्या पेपरमुळे हा मोठा प्रश्न पुढे येतो. पर्वतांच्या वरच्या भागात तापमानवाढ खालच्यापेक्षा वेगाने होते का? २०१५ मध्येच निक पेपिन आणि सहकाऱ्यांनी या विषयाचा जगभरचा आढावा घेतला होता. ती वाढ वेगाने होण्याची भौतिक कारणं आहेत. बर्फ कमी झाला की गडद जमीन जास्त ऊन शोषते, हे त्यातलं एक.

आता बघा, एकच ठरावीक लॅप्स रेट धरला तर काय होतं. खालच्या स्टेशनच्या प्रत्येक दिवसाच्या आकड्यातून एकच संख्या वजा होते. म्हणजे वरच्या तापमानाचा कल खालच्या तापमानाच्या कलाइतकाच येणार, अगदी दशांश चिन्हापर्यंत. अशा डेटावरून "उंचावरही तितकीच वाढ दिसते" असं लिहिणं म्हणजे स्वतःच पेटीत ठेवलेली वस्तू पेटीतून काढून दाखवणं.

आणि वर खरंच वेगळं घडू शकतं. एव्हरेस्टच्या पायथ्याजवळ सुमारे ५,०५० मीटरवर पिरॅमिड नावाची इटालियन प्रयोगशाळा आहे, तिथे १९९४ पासून नोंदी होताहेत. फ्रांको सालेर्नो आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं की जग तापत असताना तिथलं कमाल तापमान घटलंय. त्यांनी मांडलेलं कारण असं: आजूबाजूची हवा तापली की हिमनदी आणि हवा यांच्यातला फरक वाढतो, बर्फाला टेकलेली हवा जास्त गार होऊन जोराने खाली वाहते आणि वरची गार हवा ओढून आणते. लेखक स्वतः याला गृहीतक म्हणतात, म्हणून आपणही तसंच म्हणू. पण मोजमाप मोजमाप आहे. खालच्या कुठल्याही स्टेशनला कुठलाही ठरावीक दर लावून हे दिसलं नसतं. ते दिसलं, कारण कुणीतरी तीन दशकं तिथे एक थर्मामीटर चालू ठेवला.

बचावाची बाजू

टीका करायची तर समोरच्याचं म्हणणंही नीट मांडायला हवं. साडेसहा वापरणारे लोक आळशी नसतात. बऱ्याचदा त्यांच्याकडे खरंच एकच स्टेशन असतं, आणि एका बिंदूतून रेष कुठलीही काढता येते. अशा वेळी सगळ्यांनी एकच मानक वापरलं तर निदान पेपरांची तुलना करता येते, हाही मुद्दा आहे. शिवाय कोरड्या, वाऱ्याच्या, उन्हाच्या दुपारी हवा नीट घुसळलेली असते, तेव्हा हा आकडा बऱ्यापैकी चालतो. कॅस्केडच्या वसंतातल्या कमाल तापमानात तो दिसलाच की. ज्याला फक्त वार्षिक सरासरीचा ढोबळ नकाशा हवाय, आणि स्टेशन आणि ठिकाण यांच्या उंचीत दोन-तीनशे मीटरचाच फरक आहे, त्याने यावर झोप उडवून घेऊ नये. तेवढ्यात साडेसहा आणि पाच यांत फरक पडतो तो अर्ध्या अंशाच्याही आत.

पण उंचीतला फरक किलोमीटरच्या पुढे असेल, प्रश्न किमान तापमानाचा असेल, किंवा उत्तर शून्य अंशाच्या रेषेवर लटकलेलं असेल, तर हा बचाव टिकत नाही. आणि हिमालयातल्या पाण्याच्या अभ्यासात बहुतेक वेळा यातल्या दोन गोष्टी तरी लागू असतातच.

मग करायचं काय?

यातलं बरंचसं पैसे न लागणारं आहे.

एक, कमाल आणि किमान तापमानाला वेगळे दर लावा, आणि महिन्यानुसार लावा. मान्सूनच्या प्रदेशात निदान चार ऋतूंचे चार दर हवेतच.

दोन, एक आकडा न वापरता मॉडेल तीनदा चालवा: चार, पाच आणि साडेसहा. प्रत्येक वेळी गुणक नव्याने जुळवा आणि भविष्याचं उत्तर किती हलतं ते छापा. ते फार हलत नसेल तर उत्तमच, तुमचा निष्कर्ष आणखी भक्कम झाला. हलत असेल तर ती बातमी आहे, ती लपवू नका.

तीन, वरचं एखादं स्टेशन असेल तर ते दर काढायला वापरू नका, तपासायला बाजूला ठेवा. खालच्यांवरून वरच्याचा अंदाज किती चुकतो, तो आकडा पेपरमध्ये द्या.

चार, ईआरए५सारखा डेटा सरकवताना सुरुवात मॉडेलच्या चौकोनाच्या उंचीपासून करा, नकाशावर दिसणाऱ्या गावाच्या उंचीपासून नाही. हिमालयात या दोन्हींत शेकडो मीटरचा फरक सहज पडतो, आणि मग दर कितीही अचूक असला तरी उपयोग नाही.

पाच, हे थोड्या पैशांचं काम आहे: छोटे तापमान-लॉगर लावा. बटणाएवढे असतात, सावली मिळेल अशा बेताने झाडाला किंवा खांबाला टांगता येतात. दरीचा तळ, मधला उतार आणि माथा, अशा तीन जागी एक वर्ष लावले तरी आपल्या खोऱ्याबद्दल विमानांच्या मानकापेक्षा कितीतरी जास्त कळेल.

आणि जे पेपर फक्त वाचतात त्यांच्यासाठी: पुढच्या वेळी मेथड्समध्ये ते वाक्य आलं की तीन प्रश्न विचारा. स्टेशन आणि अभ्यासाची जागा यांच्या उंचीत किती फरक आहे? दर कुठल्या ऋतूचा आणि दिवसाच्या कुठल्या वेळेचा आहे? आणि तो बदलला तर शेवटचा आलेख बदलतो का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पेपरमध्ये नसेल, तर त्या पेपरमधल्या भविष्याच्या आकड्यांपुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवा. तो पेपर रिव्ह्यूसाठी तुमच्याच हातात आला असेल, तर हेच प्रश्न लेखकांना लिहून पाठवा.